एक बोट जागा

सोमवार, ७ ऑक्टोबर

आजचा सगळा दिवस एका काळ्या पडद्यासमोर गेला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य, ओळीमागून ओळ: अशी फाइल नाही. अशी फाइल नाही. अशी फाइल नाही. अरे, नाही कशी? त्यातल्या निम्म्या फाइलींना मी माझ्या हाताने नावं दिली आहेत!

संस्थेच्या तळघरातली आमची ध्वनिफितींची खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे. मूळ फिती ओलीने कधीच खराब झाल्या. उरलं आहे ते सगळं एका जुन्या संगणकात: डोंगरांतल्या गावांतून गोळा केलेले म्हाताऱ्या माणसांचे आवाज, गाणी, रडगाणी, पाळणे. हा संगणक आता दमेकऱ्यासारखी धाप टाकतो. त्याचा शेवटचा श्वास जाण्याआधी सगळं वरच्या मजल्यावरच्या नव्या यंत्रात न्यायचं आहे. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण या खोलीचं काही निघालं की बिश्केकच्या दुसऱ्या टोकाहून मलाच बोलावतात. आत काय आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

संगणकाचं बघणारा तालाय, जो मला इथल्या रीतीने एजे म्हणजे ताई म्हणतो, म्हणाला, "एजे, एकेक फाइल हाताने कोण हलवणार? मी स्क्रिप्ट लिहिलीय. चार ओळींचा हुकूम. तुमचा चहा संपायच्या आत काम होईल."

माझा चहा संपला, पडद्यावरचं वाक्य संपेना.

"दोष तुमच्या नावांचा आहे," तो म्हणाला. "केवढी लांब नावं! आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा. मोकळी जागा आली की संगणकाला वाटतं नाव संपलं. तुम्ही लिहिलंय 'अलिमा आपा पाळणा'. तो शोधतो आधी अलिमाला, मग आपाला, मग पाळण्याला. तिघंही त्याला सापडत नाहीत."

"मग तुझा संगणक बावळट आहे."

"संगणक सरळ आहे, एजे. माणसं वाकडी लिहितात." मग हसून पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही पहिली ओळ बघा. नारीनच्या फोल्डरमधली. नुसती शेपटी, टिंब आणि तीन अक्षरं. याला तर आईबापांनी नावच ठेवलं नाही!"

त्याला फार विनोद झाल्यासारखं वाटलं. मला हसू आलं नाही. आमचं गाव नारीनकडचं, आणि त्या फोल्डरमध्ये मामंजींचा आवाज आहे.

परवा गावाहून सासूबाईंचा, म्हणजे आपांचा, फोन होता. आपा आता उठून बसत नाहीत. म्हणाल्या, "इंदू, तुमच्या त्या डब्यात म्हातारा आहे ना? एकदा ऐकव. हिवाळ्यात घाट बंद होईल, मग मी काय वसंतापर्यंत थांबते?" इतकं सरळ त्या कधी काही मागत नाहीत. पुढच्या शुक्रवारी घेऊन येते म्हणून सांगून बसले आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

तालायचा नवा शोध: सगळ्या मोकळ्या जागा काढून तिथे खाली एक आडवी रेघ ओढायची. म्हणजे 'अलिमा आपा' हे एकच सलग लांबलचक नाव होईल, मध्ये रेघांनी शिवलेलं.

मी म्हटलं, "तुझ्या आजीला हाक मारताना मध्ये दोरी बांधतोस का?"

"एजे, आजी मेली माझी."

"म्हणूनच सांगते. यातली बहुतेक सगळी गेलेली माणसं आहेत. नावाची चिंधी करू नको."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मुलं चुकार शेळीकडे बघतात. सांगून कळलं नसतं. लग्न होऊन इकडे किरगिझस्तानात येण्याच्या कितीतरी आधी, बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आमच्या मागे उभ्या राहायच्या. एक शब्द लिहून झाला की डाव्या हाताचं बोट त्याच्यापुढे ठेवायचं आणि बोटाच्या पलीकडे दुसरा शब्द सुरू करायचा. "शब्दांना श्वास घेऊ द्या, मुलींनो." माझं बोट बारीक, म्हणून माझी अक्षरं दाटीवाटीची. मग सिस्टर स्वतःचं जाडजूड, खडूने पांढरं झालेलं बोट ठेवायच्या. त्यांच्या बोटाला साबणाचा वास यायचा. इथे या खोलीत टंकलेखनाला बसलेल्या प्रत्येक बाईला मी तेच शिकवलं. रशियन लिहा, किरगिझ लिहा, पण एक बोट जागा सोडा. आणि आज हा पोरगा सांगतो की तीच जागा गुन्हा आहे.

घरी येऊन सुनेला विचारलं. मीरिम घरी बसूनच कुठल्या तरी परदेशी कंपनीचं संगणकाचं काम करते. कानावर डबे, समोर कळफलक आणि शेजारी वाटीभर कुरूत. हल्ली ही पोरगी दिवसभर त्या वाळक्या आंबट दह्याच्या गोळ्या चोखत असते. जेवायला बोलावलं तर मात्र पानावरून उठते. आज ओरोमो केला होता, मांस भरून वाफवलेली पिठाची गुंडाळी, वर चांगली चरबी घालून. वाफ आली तशी खिडकी उघडून उभी राहिली. ऑक्टोबरच्या थंडीत!

माझं गाऱ्हाणं ऐकून एवढंच म्हणाली, "आई, त्याला सांगा अवतरणचिन्हं टाक."

"म्हणजे काय?"

"त्याला कळेल," म्हणून पुन्हा कान झाकले.

एका वाक्यात तीन शब्दांवर चौथा खर्च करायचा नाही. माझा मुलगा दानियार कसा राहतो हिच्याबरोबर कोण जाणे. माझा नवरा कुबात होता तेव्हा आम्ही दोघं नुसत्या चहावर तास तास बोलायचो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज मी त्या मुलाला काय बोलले ते सिस्टर फिलोमिनांनी ऐकलं असतं तर साबणाने तोंड धुवायला लावलं असतं.

नारीनची फोल्डरं दोन होती. एक 'नारीन'. दुसरं 'नारीन प्रत', म्हणजे त्याचीच नक्कल, कधीतरी सावधगिरी म्हणून करून ठेवलेली. तालायने ठरवलं की नक्कल कशाला हवी, ती पुसून जागा करू. मला न विचारता. पुसण्याचा हुकूम दोन अक्षरांचा असतो. त्याच्यापुढे फोल्डरचं नाव. आणि नावात मोकळी जागा.

संगणकाने वाचलं: 'नारीन' पुसा. आणि 'प्रत' नावाचं काही असेल तर तेही पुसा. 'प्रत' नावाचं काही नव्हतं. नारीन होतं.

मी पोचले तेव्हा तो उभाच होता. चेहरा मैद्यासारखा.

"एजे, तुम्ही आधी बसा."

"काय झालं?"

"बसा ना."

"तालाय, मी सहासष्ट वर्षांची आहे. उभी राहून ऐकते. बोल."

त्याने सांगितलं. मी बसले.

मूळ गेलं, नक्कल राहिली. ज्याला पुसायचं होतं त्याला त्याच मोकळ्या जागेने वाचवलं. तालाय तेच पुन्हा पुन्हा सांगत होता, "पण नक्कल आहे, एजे, नक्कल शाबूत आहे." मग मी बोलले ते बोलले. तो सगळं खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अजून काही राहिलंय का, की चहा आणू?"

चहा आण म्हटलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नकलेत मामंजी नाहीत.

तालाय म्हणाला, नाव सांगा, शोधतो. आणि मी अडकले. मामंजींचं नाव मी आजवर तोंडाने उच्चारलेलं नाही. इथल्या सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, दिराचं नाही, सासरच्या कुठल्याच थोरल्याचं नाही. लग्नानंतर गावी गेले तेव्हा आपांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तू परकी आहेस, तुला बाकी सगळं माफ. हे नाही." मला ते जड गेलं नाही. माझी आई वडिलांना 'इकडून' म्हणायची आणि नाव घ्यायची ते फक्त उखाण्यात, तेही चारजणींनी दार अडवल्यावर.

आज घेतलं. देवळात शिवी दिल्यासारखं, हळू आवाजात. तालायला ऐकूच आलं नाही. "काय? मोठ्याने, एजे." पुन्हा घेतलं. त्याने टाइप केलं. पडद्याने सांगितलं: काही नाही.

अर्धं नाव टाकून बघितलं. गावाचं नाव, 'पाळणा', ज्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केलं ते साल. बाकीचे सगळे सापडले. गावातली रडगाणी म्हणणारी बाई, कोमुझच्या तारा छेडणारा लंगडा, शेजारच्या खोऱ्यातल्या दोन बहिणी. मामंजी तेवढे नाहीत.

ही नक्कल त्या हिवाळ्यातली आहे जेव्हा वीज सारखी जायची. मधेच वीज गेली असेल, एक फाइल राहून गेली असेल. जी राहिली ती नेमकी हीच. आणि जे मूळ होतं ते काल त्या गाढवाने पुसलं.

आपांचा फोन आला होता. मी उचलला नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. दानियारने विचारलं तर त्याच्यावर खेकसले. आज दुपारी तो बाहेर गेल्यावर मीरिम कानावरचे डबे काढून माझ्यासमोर येऊन बसली. हे कधी होत नाही.

"आई, त्यात होतं काय?"

मग सांगितलं. दानियार चार महिन्यांचा होता. आम्ही उन्हाळी कुरणावर मामंजींच्या युर्तात, लोकरीच्या गोल तंबूत, राहायला गेलो होतो. मुलाला दात येत होते की पोट दुखत होतं, रडायचा थांबेना. मी, आपा, थोरली जाऊ झूरा, सगळ्याजणी थकलो. तेव्हा मामंजी उठले. एरवी दिवसभर घोड्यांशी सोडून कुणाशी न बोलणारा माणूस. पाळण्याच्या आडव्या दांडीवर कोपर टेकवून बसले आणि गायला लागले. पाळणा पुरुष गात नाहीत; झूराने तोंडात ओढणी कोंबली हसू दाबायला. कुबातने गुपचूप यंत्र सुरू केलं. तेवढंच. मामंजींचा आवाज जगात दुसरीकडे कुठे नाही.

"पाळणा," मीरिम म्हणाली. "दानियारसाठी. पूर्ण आहे?"

"होता."

तिने कुरूतची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर."

"तुझं काम?"

"सुट्टी टाकते."

लग्नात चार दिवसांची सुट्टी काढताना जिने तोंड वाकडं केलं होतं ती ही पोरगी! आता एका गेलेल्या माणसाच्या पाळण्यासाठी सुट्टी टाकते. मला तर हिचं काही समजत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली. पूर्वी मी पाळण्याचा विषय काढला की दोघं गप्प व्हायची, म्हणून मी काढायचं सोडून दिलं. आता हीच विचारते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मीरिमने तळघरात येऊन आधी नाक धरलं, मग खुर्ची ओढली.

"दाखवा तुमची स्क्रिप्ट."

तालायने दाखवली. तिने दोन क्षण बघितली आणि इथे दादाला म्हणतात तसं म्हणाली, "बाईके, ही तुम्ही लिहिलीत की तुमच्या बकऱ्याने?"

"बकऱ्याने पगार जास्त मागितला असता," तालाय म्हणाला. पण खुर्ची सोडून बाजूला झाला.

ती मला समजावून सांगायला लागली. मला अपेक्षा नव्हती. "आई, बघा. हुकमात फाइलीचं नाव येतं तिथे दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालायची. बस्स. मग आतलं सगळं मिळून एक. मध्ये किती का जागा असेना, तो तोडत नाही."

"म्हणजे दोन्ही बाजूंनी हात धरून रस्ता ओलांडून नेल्यासारखं."

तिने माझ्याकडे बघितलं. "हो. तसंच."

एवढंसंच! चार ठिकाणी दोन दोन टिकल्या. एवढ्यासाठी नारीन गेलं, माझी झोप गेली, आपांचा फोन मी उचलला नाही. मी तालायला म्हटलं, "हे तुला ठाऊक नव्हतं?" तो म्हणाला, "ठाऊक होतं, एजे. आमच्याकडे कुणी फाइलीला अशी नावंच देत नाही, त्यामुळे कधी लागलं नाही."

हुकूम सुटला. आणि नावं जायला लागली. अलिमा आपा पाळणा. लंगडे ओसमोन आके कोमुझ. एकामागून एक, अख्खीच्या अख्खी, रेघ नाही, दोरी नाही. प्रत्येक नाव वर सरकताना मी मनात वाचत होते. माझे डोळे भरले, तर मीरिमने रुमालाऐवजी कुरूतची पिशवी पुढे केली.

तरी मामंजी नाहीतच. तिने नारीनची नक्कल पुन्हा पुन्हा चाळली. यादीच्या सुरुवातीला तीच बिनानावाची शेपटी, ओळीत थोडी आत सरकलेली. ती म्हणाली, "हे काय आहे?" तालाय म्हणाला, "कचरा असेल. पहिल्या दिवसापासून दिसतोय. उडवू का?"

"हात लावू नका कशाला," मी ओरडले.

घरी येताना मार्शरुत्कात, त्या छोट्या बसमध्ये, मीरिमला कुणीतरी जागा दिली, आणि ती बसली. मी उभी. आजकालच्या मुली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आपांना सांगावंच लागणार होतं. पण आधी झूराला सांगावं, म्हणजे ती बेताने सांगेल, म्हणून तळघरातूनच गावी फोन लावला. मीरिम आणि तालाय समोर होते. फोन मोठ्या आवाजावर, कारण झूराशी दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता येत नाही.

"काय गं, मेलीस का? म्हातारी रोज विचारते, इंदूचा फोन आला का, इंदूचा फोन आला का. आम्ही काय सांगायचं?"

"झूरा एजे, ऐका. पाळणा हरवला."

"कोणाचा?"

"मामंजींचा. ती फाइल नाही. नाव टाकून शोधलं, सापडत नाही."

"कुठलं नाव टाकून?"

"त्यांचं. दुसरं कुठलं?"

झूराने आधी मागच्या कोंबडीला हाकललं.

"इंदू. तू त्यांचं नाव घेतलंस?"

"घेतलं! काय करणार? संगणकाला काय 'घरातले थोरले' सांगू?"

"अल्ला! आणि वर तोंड करून सांगतेस! अगं, नारीनच्या सगळ्या फाइलींची नावं कुणी लिहिली?"

"तुम्ही." माझ्या लक्षात होतंच. गुडघ्याच्या उपचारासाठी झूरा एक हिवाळा आमच्याकडे राहिली होती. घरात बसून कंटाळते म्हणून मीच तिला खोलीत आणून बसवलं, कारण नारीनकडचा प्रत्येक आवाज ती खोकल्यावरूनही ओळखायची. एकेका बोटाने टाइप करायची. एक बोट जागा सोडा, हे तिलाही मीच शिकवलं.

"मग मी त्यांचं नाव लिहीन?" झूरा ओरडली. "जे तोंडाने घेत नाही ते बोटाने घेऊ? मी काय सून नाही? सगळ्यांची नावं लिहिली, त्यांची आली तेव्हा ती लांब पट्टी असते ना, खालची, ती दाबली. जेवढं नाव आहे तेवढ्या वेळा दाबली. त्यांची जागा सोडली. तूच म्हणाली होतीस, जागा सोडा म्हणून!"

मी मीरिमकडे बघितलं. मीरिम आधीच पडद्याकडे वळली होती. यादीची पहिली ओळ. आत सरकलेली. नुसती शेपटी, आणि शेपटीच्या अलीकडे ती रिकामी, मोकळी, नीट मोजून सोडलेली जागा.

तिने त्या रिकाम्या नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घातली आणि हुकूम दिला.

आधी वाऱ्याचा आवाज. मग एक मूल रडतं आहे, माझं मूल. कुणीतरी दाबून हसतं आहे. आणि मग मामंजी.

फोनमधून झूराही ऐकत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती इतका वेळ गप्प राहिली. तालायने टोपी काढली. संपल्यावर झूरा म्हणाली, "ती हसतेय ती मी. मूर्ख कुठली," आणि फोन ठेवला.

म्हणजे पहिल्या दिवशी जी ओळ बघून तो हसला होता, जिला काल उडवू का म्हणाला, ती ही. मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी ते नाव घेताना दोनदा अडखळले आणि तरी मला वाटलं की झूरा लिहिताना अडखळली नसेल!

मीरिमने त्याच्या तीन प्रती केल्या. एक आपांसाठी, एक संस्थेसाठी. तिसरी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे घरी." परत येताना माझा हात धरून रस्ता ओलांडला. मी काही इतकी म्हातारी झालेली नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

काल गावी पोचलो. दानियारने गाडी चालवली. घाटात बर्फ पडलं होतं. मीरिमला तीनदा गाडीतून उतरावं लागलं. दानियार प्रत्येक वेळी धावत तिच्यामागे. पूर्वी मला घाटात मळमळायचं तर कुबात म्हणायचा, खिडकी उघड.

झूरा स्वयंपाकघरात बोर्सोक, पिठाचे छोटे तुकडे, तळत होती. शुक्रवार, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने कढईत तेल तापवून वास घरभर करायचा, तो त्यांच्यापर्यंत पोचतो. मीरिम त्या वासाने अंगणातच उभी राहिली. झूरा झारा हातात घेऊन दारात आली, तिच्याकडे वरून खाली बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन तिच्यासाठी वाटीभर ताक घेऊन आली. मला मात्र, "तू काय पाहुणी आहेस? पीठ लाट."

आपा फार लहान झाल्या आहेत. गोधडीत कुणी आहे की नाही कळत नाही. मी उशाशी यंत्र ठेवलं. "आपा, आणलंय." त्यांनी डोळे मिटले.

वारा. रडणं. मग ते.

आपा अर्ध्यावर म्हणाल्या, "तसाच बेसूर अजून." पण त्यांचा हात गोधडीवर हळूहळू हलत होता, पुढे, मागे. पाळण्याच्या दांडीवर हात असतो तसा.

शेवटी एक जागा आहे जी मी विसरले होते. रडणं थांबलं आहे, गाणंही थांबलं आहे, आणि मामंजी दाराकडे तोंड करून बाहेरच्या आपांना, आपल्या म्हातारीला, अगदी हळू म्हणतात, "बायबिचे, झोपला तुझा नातू. आता पाय न वाजवता ये."

त्याच वेळी स्वयंपाकघरात झूराने झारा आपटला. आपांनी डोळे उघडले, ओठांवर बोट ठेवलं आणि रागाने दाराकडे बघून म्हणाल्या, "हळू! झोपलाय."

सदतीस वर्षांचा दानियार भिंतीला टेकून रडत होता.

मग आपांनी मीरिमला जवळ बोलावलं, तिच्या कपाळाचा वास घेतला, आणि दानियारला म्हणाल्या, माळ्यावरून पाळणा काढ. घोड्याच्या केसांची दोरी गुंडाळलेला तोच जुना पाळणा. पुसून, उन्हात ठेवून आमच्या गाडीच्या टपावर बांधायचा. मी म्हटलं, "आपा, आता कशाला? रस्त्यात मोडेल. आमच्या घरात ठेवायला जागा नाही." तर झूरा म्हणते, "तू पीठ लाट." म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात एकदा काही आलं की आलं.

आज परतताना घाटात वारा सुटला. पाळणा टपावर करकरत होता. दानियार ताशी वीसने गाडी चालवत होता, जसा काही काचसामान वाहतोय. मध्येच तालायचा फोन: "एजे, नव्या यंत्रात एक फाइल बिनानावाची आलीय. नाव काय टाकू?" मीरिम माझ्या आधी बोलली, "बाईके, आहे तसं राहू द्या. अवतरणचिन्हात घाला, कुणी मोडणार नाही." माझ्या शेजारी ती झोपली नव्हती, नुसती टेकून बसली होती, एक हात पोटावर. दुखतंय का विचारलं. हसली. खा अजून कुरूत, मी म्हटलं.

आत्ता स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. पाळणा दिवाणखान्यात मधोमध ठेवलाय. दानियार तो पुन्हा पुसतोय, एकदा पुसून झालेला. मीरिम त्याच्या शेजारी जमिनीवर बसून ती तिसरी प्रत ऐकतेय, अगदी हळू आवाजात.

कुरूत. तेलाचा वास. उघडी खिडकी. बसमध्ये मिळालेली जागा. झूराने वरून खाली बघितलेलं.

अगं बाई.

नाही. इथे लिहीत नाही. अजून कुणी मला काही सांगितलेलं नाही, आणि ज्याला नाव नाही त्याचं नाव आपण आधी घ्यायचं नसतं. इथे फक्त एक बोट जागा सोडते.